डावी बाजू की उजवी? बेळगावच्या एका जोडप्याच्या अलास्का केबिनचं प्रकरण

पार्श्वभूमी

रेल्वेनं बेळगावातून गोव्याला जाणाऱ्या माणसाला बाजूचं महत्त्व शिकवावं लागत नाही. लोंढा गेलं, कॅसलरॉक मागं पडलं की डब्यात चुळबुळ सुरू होते. ज्याची खिडकी बरोबर त्याला दूधसागर, आणि ज्याची चुकली त्याला खिडकीत लोंबकळणाऱ्या लोकांच्या पाठी. या प्रकरणातले काका याच शाळेत शिकलेले. ‘जाताना एक खिडकी, येताना दुसरी,’ हा त्यांचा नियम. अलास्काच्या जहाजालाही त्यांनी तोच लावला, आणि तिथून सगळं सुरू झालं.

काका अडुसष्ट वर्षांचे. उद्यमबागेत त्यांचं छोटं मशीन शॉप होतं, आता ते भाच्याकडं सोपवलंय. काकू त्रेसष्ट वर्षांच्या. त्यांना चोरल्याच्या घाटात हमखास बस लागते, आंबोलीत तर बसायच्या आधीच लागते. मुलगी सिएटलजवळ असते. लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाला तिनं दोघांना सात रात्रींची अलास्काची क्रूझ द्यायची ठरवली. तारीख जूनची. पैसे मुलीचे, पण केबिन काकांनी निवडायची आणि बुकिंग मी करायचं, अशी वाटणी. टिळकवाडीत पहिल्या रेल्वे गेटाजवळ माझं तिकीट बुकिंगचं टेबल आहे. विमान, रेल्वे, व्हिसाचे फॉर्म हे रोजचं काम. क्रूझ मात्र मी त्याआधी दोन-तीनदाच केली होती, त्याही मुंबईहून सुटणाऱ्या. (ओळख पटू नये म्हणून घरातले काही तपशील बदललेत. जहाज कंपनीचं नाव देत नाही, तिची यात फारशी चूकही नाही.)

अडचण

काका नोव्हेंबरात पहिल्यांदा आले ते खिशात घडी घातलेला कागद घेऊनच. त्यावर एकच प्रश्न होता. डोंगर कुठल्या बाजूला?

प्रश्न सोपा वाटतो, पण त्याच्या पोटात आणखी चार प्रश्न असतात. जहाज कुठून सुटून कुठं जातं? गेलेल्या वाटेनंच परत येतं का? केबिन पुढं, मध्ये की मागं? केबिनच्या डोक्यावर आणि पायाखाली काय आहे? या चारांनंतर बाजू येते. आम्ही उलटं केलं. बाजूपासून सुरुवात केली आणि तीन आठवडे तिथंच अडकलो. नमनालाच घडाभर तेल गेलं.

आधी शब्दांचा घोळ निस्तरावा लागला. जहाजाच्या तोंडाकडं तोंड करून उभं राहिलं की डाव्या हाताला पोर्ट आणि उजव्या हाताला स्टारबोर्ड. माणूस मागं वळला की त्याचं डावं-उजवं बदलतं, पोर्ट आणि स्टारबोर्ड बदलत नाहीत, कारण ते जहाजाच्या अंगाचे भाग आहेत. रात्री पोर्टला लाल दिवा लागतो, स्टारबोर्डला हिरवा. काकूंनी तेवढंच लक्षात ठेवलं, आणि पुढं सगळ्यांच्या उपयोगी पडलं ते तेवढंच.

कोणते पर्याय होते

पहिला पर्याय सिएटलहून निघून सिएटललाच परत. मुलीच्या घरातून थेट बंदर, मधलं विमान नाही. अमेरिकेत १८८६ सालचा एक कायदा आहे. त्यामुळं परदेशी जहाजांना अमेरिकेच्या एका बंदरातून सुटून परदेशी बंदराला न लागता अमेरिकेतच प्रवासी उतरवता येत नाहीत. म्हणून या फेऱ्या बहुधा कॅनडातल्या व्हिक्टोरियाला थांबतात. म्हणजे कॅनडाचा व्हिसा टळत नव्हता. आणखी एक गोष्ट, सिएटलची जहाजं साधारणपणे व्हँकुव्हर बेटाच्या पश्चिमेनं, उघड्या प्रशांत महासागरातून वर जातात. बस लागणाऱ्या बाईला ही वाट नको. बाजूचा प्रश्न मात्र इथं आपोआप मिटतो. जाताना किनारा उजवीकडं आणि येताना डावीकडं, म्हणजे काकांचा दूधसागरचा नियम जसाच्या तसा.

दुसरा पर्याय व्हँकुव्हरहून उत्तरेकडं, एका दिशेनं. अलास्कातली केचिकन, जुनो, स्कॅगवे ही बंदरं, मग ग्लेशियर बे ही हिमनद्यांची खाडी, आणि शेवट व्हिटियर बंदरात. तिथून अँकरेजला जाऊन विमान. ही वाट सुरुवातीला बेट आणि मुख्य भूमी यांच्या मधून जाते, बराच भाग आडोशाचा. इथं मात्र बाजूला अर्थ येतो, कारण जहाज त्या वाटेनं परत फिरत नाही. उत्तरेकडं जाताना मुख्य किनारा उजव्या, म्हणजे स्टारबोर्ड बाजूला राहतो.

तिसरा पर्याय तीच वाट उलटी, व्हिटियरहून दक्षिणेकडं. तेव्हा किनारा पोर्ट बाजूला. मुलीची रजा जुळत नव्हती म्हणून हा लगेच बाद झाला.

दुसरा ठरला. योग्यच ठरला, आणि काकूंच्या पोटामुळं ठरला. बाजूचा त्यात काही संबंध नव्हता. त्या दिवशी केबिनही घेऊन टाकली असती तर हे लिहायची वेळ आली नसती. जहाजाच्या मध्यावर, आठव्या मजल्यावर दोन बाल्कनीच्या खोल्या मोकळ्या होत्या. एक पोर्टला, एक स्टारबोर्डला. दोन्हींच्या वर आणि खाली दुसऱ्या केबिनच होत्या, म्हणजे शांतता.

काकांनी मात्र वहीत हिशोब मांडला. वाट साधारण वायव्येकडं जाते. मग स्टारबोर्डची बाल्कनी ईशान्येला तोंड करणार आणि पोर्टची नैऋत्येला. जूनमध्ये तिकडं दिवस अठरा तासांचा, जुनोत सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो. दुपारनंतरचं ऊन पोर्टला, डोंगर स्टारबोर्डला. काकूंना थंडी सोसत नाही. मग ऊन घ्यायचं की डोंगर? मुलगी म्हणाली स्टारबोर्ड, जावई म्हणाला काही फरक पडत नाही, भाचा म्हणाला आतली खोली घ्या आणि पैसे वाचवा. काकूंना कुणी विचारलंच नाही.

याच दरम्यान कुणीतरी काकांना ‘पॉश’ शब्दाची गोष्ट सांगितली. इंग्रज साहेब बोटीनं हिंदुस्थानात येताना पोर्टची खोली घ्यायचे आणि परतताना स्टारबोर्डची, म्हणजे दोन्ही वेळा सावली. त्या चार इंग्रजी शब्दांची आद्याक्षरं जोडून म्हणे ‘पॉश’ झालं. गोष्ट झकास आहे, पण शब्दाचा उगम तोच असल्याचा पुरावा कुणालाही सापडलेला नाही. सावलीचा हिशोब मात्र खरा बसतो. तांबड्या समुद्रातून दक्षिणेकडं येताना दुपारचं ऊन उजवीकडून, आणि अरबी समुद्रातून मुंबईकडं वळल्यावरही दक्षिणेचा सूर्य उजवीकडंच. काका म्हणाले, ‘बघ की, साहेबसुद्धा बाजू बघूनच बसायचा.’ त्यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं.

तीन आठवड्यांनी काकांचा फोन आला, ‘स्टारबोर्ड. फिक्स कर.’ मी संगणकावर बुकिंग उघडलं. आठव्या मजल्यावरच्या दोन्ही खोल्या गेल्या होत्या.

नकाशाची चूक

उरलेल्यांतली एक मला बरी वाटली. नववा मजला, बाल्कनी, जरा पुढच्या बाजूला. जहाजाच्या मजल्याच्या नकाशात ती वरच्या रांगेत होती. वरची रांग म्हणजे उजवी बाजू, असं माझ्या डोक्यात बसलेलं. का ते आता सांगता येत नाही, बहुतेक आधीच्या जहाजाचा नकाशा तसा असावा. अनामत भरली, पावती पाठवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला काका दारात. हातात नकाशाची छापील प्रत आणि कानस. कानस टेबलावर ठेवली. टोक जहाजाचं तोंड, मूठ मागची बाजू.

‘हे तोंड नकाशात कुठं बघालंय?’

‘उजवीकडं, काका.’

‘मग तू इथं मुठीकडं उभी राहा आणि टोकाकडं बघ. वरची रांग कुठल्या हाताला आली?’

डाव्या. मी त्यांना पोर्टची खोली दिली होती.

ही चूक कुणाकडूनही होते, म्हणून नीट सांगते. नकाशात जहाजाचं तोंड उजवीकडं असेल तर वरची रांग पोर्ट असते. तोंड डावीकडं असेल तर वरची रांग स्टारबोर्ड. नकाशा उभा आणि तोंड वर असेल तरच डावं ते डावं आणि उजवं ते उजवं. मोबाईलवर नकाशा कधी आडवा दिसतो, कधी उभा, तिथं डोळा फसतोच. खोलीच्या नंबरावरही भरवसा ठेवू नये. पुष्कळ जहाजांवर सम नंबर एका बाजूला आणि विषम दुसऱ्या बाजूला असतात, पण कुठले कुठं ते कंपनीगणिक बदलतं. तोंड शोधायचं आणि तिकडं बघत उभं राहायचं.

काका रागावले नाहीत. म्हणाले, ‘लेथवर जॉब उलटा बांधला की असंच होतंय.’ मला ते रागावण्यापेक्षा जास्त लागलं.

काय केलं

शेवटचा हप्ता मार्चमध्ये होता, त्याआधी खोली बदलता येत होती. बदलायला दंड नव्हता, पण भाडं त्या दिवसाच्या दरानं लागणार होतं. समोर चार वाटा होत्या.

पोर्टची नवव्या मजल्यावरचीच ठेवायची. ऊन मिळेल, पण पुढच्या भागात जहाज जास्त वरखाली होतं.

स्टारबोर्डला सहाव्या मजल्यावर, अगदी मध्ये, एक खिडकीची खोली होती. खिडकीसमोर लाईफबोट टांगलेली, म्हणून स्वस्त. हलणं सगळ्यांत कमी इथंच असतं, मजला खालचा आणि जागा मधली. पण पैसे देऊन बोटीचं पोट बघायचं, हे काकांच्या गळी उतरेना.

स्टारबोर्डला चौदाव्या मजल्यावर बाल्कनीची खोली, मध्यापासून थोडी मागं. डोक्यावर बुफेचा मजला.

आणि चौथी, खोली कंपनीनं द्यायची आणि आपण फक्त प्रकार सांगायचा. भाडं कमी, पण बाजू नशिबावर.

काकांनी चौदावा मजला घेतला. माणशी १४० डॉलर जास्त पडले. मी एकदा म्हटलं, ‘काका, वर बुफे आहे, आवाज येईल, आणि उंचावर हलतंही जास्त.’ पण एकदाच म्हटलं, आणि तेही हळू. आदल्या दिवशीच्या चुकीनं माझा आवाज बसला होता. स्वतःची चूक ताजी असताना गिऱ्हाइकाला अडवायला जीभ रेटत नाही, हे मी तेव्हा शिकले.

काकूंनी मात्र त्या संध्याकाळी वेगळा फोन करून विचारलं, ‘रात्री झोप लागंल काय गं तिथं?’ मी म्हटलं, लागंल.

जहाजावर काय झालं

पहिल्या रात्री बेटाच्या आडोशानं जहाज हललंही नाही. दुसऱ्या दिवशी व्हँकुव्हर बेट संपून क्वीन शार्लट साउंडचा उघडा पट्टा लागला आणि काकूंचा चोरला घाट सुरू झाला. गोळ्या बेळगावच्या डॉक्टरांनी लिहून दिल्या होत्या, त्रास व्हायच्या आधी घ्यायच्या असं बजावूनही. काकूंनी त्या झाल्यावर घेतल्या. चौदाव्या मजल्यावर पडून राहवेना, तेव्हा एका कर्मचाऱ्यानं त्यांना पाचव्या मजल्यावर, जिन्याजवळच्या मोकळ्या चौकात आणून बसवलं. जहाजाच्या पोटात, अगदी मध्यावर. तासाभरात बऱ्या वाटल्या. पुढं समुद्र उठला की त्या आलेपाकाची पुडी घेऊन त्याच खुर्चीत जाऊन बसत. ती जागा ना पोर्टला होती ना स्टारबोर्डला.

पहाटे पाचला डोक्यावर खुर्च्या ओढायचे आवाज. रोज. काका लवकर उठणारे, त्यांचं काही बिघडलं नाही. काकूंचं बिघडलं.

आता डोंगर. आडोशाच्या वाटेनं जाताना जमीन दोन्हीकडं होती. देवमासा दिसला की भोंग्यावरून घड्याळाच्या भाषेत पुकारायचे, जहाजाचं तोंड म्हणजे बारा, उजवी बाजू तीन, डावी नऊ. ही भाषा काकांना इतकी आवडली की ते अजूनही ‘चष्मा दहा वाजता ठेवलाय’ असं म्हणतात. मासे मात्र दोनला दिसले तेवढेच दहालाही दिसले.

स्कॅगवेला त्यांनी व्हाइट पासची छोटी रेल्वे केली. दोन रुळांत तीन फुटांचं अंतर, १८९८ ते १९०० या काळात, सोनं शोधायला लोकांची झुंबड उडाली तेव्हा बांधलेली, आणि वीस मैलांत जवळपास ३००० फुटांचा चढ. चढताना दरी डावीकडं, हे मी आधीच सांगून ठेवलं होतं. वर पोचल्यावर बाकांची पाठ उलटी करतात आणि लोकांना बाजू बदलायला सांगतात. काकांनी तिथून मला निरोप पाठवला, ‘आपल्या घाटाला पण अशी बाकं पायजेत.’ अख्ख्या प्रवासात खरा बाजूचा प्रश्न तिथंच होता, आणि तो रेल्वेतला होता.

ग्लेशियर बेमध्ये एका दिवशी दोनच क्रूझ जहाजांना आत सोडतात. ही खाडी राष्ट्रीय उद्यानात आहे, त्याचे रेंजर जहाजावर येऊन माहिती सांगतात. १७९४ मध्ये इथं खाडी जवळजवळ नव्हतीच, सगळा बर्फ होता, १८७९ पर्यंत तो तीस मैलांहून जास्त मागं सरला होता, हे काकांनी वहीत उतरवून आणलंय. मार्जरी हिमनदीसमोर जहाज बराच वेळ थांबलं आणि हळूहळू जागेवर फिरलं. आधी पोर्टच्या लोकांना समोर बर्फ, मग स्टारबोर्डच्या. काका तर खोलीत नव्हतेच, सकाळपासून वरच्या डेकवर टोपी-मफलर लावून उभे. काकू बाल्कनीत घोंगडं पांघरून बसल्या होत्या. मैलभर रुंद कडा, त्याचा एक तुकडा आधी पडताना दिसला आणि आवाज मागून आला. ‘वीज चमकती आणि मग गडगडतंय, तसं,’ असं त्यांनी सांगितलं. आत जायची आणि बाहेर यायची वाट एकच, त्यामुळं खाडीचे दोन्ही काठही दोन्ही बाजूंना मिळाले.

स्टारबोर्डचा खरा फायदा व्हायचा तो त्यानंतर, अलास्काच्या आखातात. आकाश स्वच्छ असेल तर उजवीकडं फेअरवेदरची रांग, १५,००० फुटांवरचं शिखर जवळजवळ समुद्रकाठीच, आणि पुढं १८,००८ फुटांचं सेंट इलायस. ज्याच्यासाठी तीन आठवडे आणि २८० डॉलर गेले तो हा पट्टा. त्या दिवशी धुकं होतं. रेलिंगच्या पलीकडं पांढरी भिंत. काका दिवसभर बाल्कनीत बसले, काकू पाचव्या मजल्यावर.

निर्णयाच्या जागा

मागं वळून बघताना मला तीन जागा दिसतात.

पहिली, नोव्हेंबरातला तो दिवस. मार्ग ठरला त्याच क्षणी आठव्या मजल्यावरची मधली खोली धरायला हवी होती, बाजू कुठलीही असो. शेवटच्या हप्त्यापर्यंत बदलायची मोकळीक होतीच. धरून ठेवून वाद घालता येतो, वाद घालून धरता येत नाही. माझं काम काकांना हे सांगणं होतं. मी त्यांच्याबरोबर उन्हाचा हिशोब करत बसले, कारण खरं सांगायचं तर मलाही त्यात मजा येत होती.

दुसरी, नकाशा. चूक माझी होती, पण ती सापडल्यावर जे झालं ते जास्त महागात पडलं. बाजू चुकली म्हणून बाजू दुरुस्त करणं, एवढंच आमच्या डोळ्यांसमोर राहिलं. पोर्टच्या त्या खोलीत काय वाईट होतं? पुढचा भाग, एवढंच. तो दोष काढायचा तर खाली आणि मध्ये जायला हवं होतं. आम्ही वर गेलो. लाईफबोटीमागची खोली मी आज जास्त जोरानं सुचवली असती. जो माणूस दिवसभर डेकवर उभा राहणार आहे त्याला खोलीतून काय दिसतं यानं फारसा फरक पडत नाही. यावर काका अजून सहमत नाहीत. त्यांचं म्हणणं, धुकं नसतं तर? मुद्दा रास्त आहे. आणि काकूंनी हिमनदी बघितली ती बाल्कनीमुळंच, त्या डेकवर वाऱ्यात उभ्या राहिल्या नसत्या. त्यामुळं बाल्कनी घेतली हे बरोबरच झालं असं मला वाटतं. उंची चुकली.

तिसरी जागा काकूंचा फोन. झोपेचा प्रश्न त्या घरातून आलेला सगळ्यांत कामाचा प्रश्न होता, आणि तो शेवटी आला, तोही दबक्या आवाजात. मी ‘लागंल’ म्हणून मोकळी झाले.

काही गोष्टी मात्र बरोबर झाल्या, त्याही सांगायला हव्यात. एका दिशेची वाट निवडली, ग्लेशियर बे असलेलीच फेरी घेतली, कॅनडाच्या व्हिसासाठी बंगळुरूला बोटांचे ठसे वेळेत दिले. बंदरात जहाज कुठली बाजू धक्क्याला लावेल, असंही काकांनी विचारलं होतं. ते वारा, भरती आणि रिकामा धक्का बघून ठरतं, आधी कुणी खात्रीनं सांगू शकत नाही, असं मी स्पष्ट सांगितलं. तिथं अंदाज ठोकला नाही, एवढं श्रेय घेते.

त्यानंतर

माझ्या टेबलाच्या काचेखाली आता एक कागद आहे. त्यावर काकांच्या कानशीचं चित्र आहे, टोकाजवळ ‘तोंड’ लिहिलेलं, वरच्या कडेला लाल रेघ आणि खालच्या कडेला हिरवी. रंग काकूंनी सुचवले.

मागच्या महिन्यात निपाणीहून एक जोडपं नॉर्वेच्या क्रूझची चौकशी करायला आलं. नवऱ्यानं खुर्चीत बसता बसता विचारलं, ‘मॅडम, कुठली बाजू चांगली?’ मी त्यांच्या बायकोकडं वळून विचारलं, ‘वैनी, तुम्हाला बस लागती काय?’

‘लागती की,’ त्या म्हणाल्या. ‘यांना कुठं माहितंय.’